उकिरड्याची दैना

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात फिशपाँडच्या कार्यक्रमात माझ्या नावाने एक चिठ्ठी निघाली. 'हिच्या वहीला लिदीचा वास येतो!' सारे हसले. मीही हसले. चिठ्ठी लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. माझे वडील माथेरानला घोडे चालवतात. कॉलेजसाठी मी खाली नेरळला आत्याकडे राहते. पण शनिवारी वर घरी गेले की रविवारी पहाटे तबेला झाडण्याचे काम माझ्याकडे असते. तेव्हा वहीला वास येत असेलही. मात्र त्या रात्री एक प्रश्न मनातून जाईना. चिठ्ठीत 'शेणाचा वास' असे असते, तर एवढा हशा पिकला असता का?

आपल्या भाषेनेच इथे पंक्तिप्रपंच केला आहे. गाईचे ते शेण. त्याने आपण अंगण सारवतो, गोवऱ्या थापतो, शेणखताला मान देतो. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या शेतात पडाव्यात म्हणून शेतकरी धनगराला मोबदला देऊन कळप बसवून घेतो. माणसाच्या मैल्यालासुद्धा आपण 'सोनखत' असे भारदस्त नाव दिले. घोड्याच्या वाट्याला मात्र नुसती 'लीद' आली. ती झाडायची, फेकायची आणि नाकाला रुमाल लावायचा.

माथेरानला हा रुमाल रोज दिसतो. तिथे मोटारींना बंदी आहे. २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. माणसे आणि सामान वाहण्यात घोड्यांचा वाटा मोठा आहे. रस्त्यावर पडलेली लीद उन्हाळ्यात वाळते, टापांखाली तिचा भुगा होतो आणि तांबड्या धुळीबरोबर पर्यटकांच्या नाकातोंडात जातो. पावसाळ्यात ती उताराने वाहून जाते. गावाला पाणी पुरवणारा शार्लट तलावही याच डोंगरावर आहे, हे विसरून चालणार नाही. २०२२च्या अखेरीस तिथे प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आली, तेव्हापासून घोडा हवा की रिक्षा हा वाद चालू आहे. तो वाद मी इथे उकरीत नाही. पण घोड्याविरुद्ध बोलणाऱ्यांचा पहिला पुरावा लीद हाच असतो, आणि त्या पुराव्यापुढे आम्हा घोडेवाल्यांच्या घरात कुणापाशी उत्तर नसते. ते उत्तर उकिरड्यातच आहे, असे माझे मत आहे.

हे मत फजितीतून तयार झाले आहे. बारावीच्या सुट्टीत मी घरून पिशवीभर ताजी लीद आणून आत्याच्या मोगऱ्याच्या बुंध्याशी घातली. आठवड्यात पाने पिवळी पडली आणि कुंडीत गवत माजले. आत्या म्हणाली, "अगं, खत घातलंस की विष?" पुढे कॉलेजात आल्यावर बागेत काम करणाऱ्या मामांना हे सांगितले, तेव्हा ते हसले. "पोरी, लीद तापट असते. तिला आधी निवू दे, मग झाडाजवळ ने."

मामांचे बोलणे शास्त्राला धरून आहे. घोडा गाईसारखा रवंथ करीत नाही. त्यामुळे गवताचे तंतू आणि बिया बऱ्याचशा न पचता बाहेर पडतात. कुंडीत उगवलेले गवत आले ते तिथून. लीद मोकळी असते, तिच्यात हवा खेळते. म्हणून जंतू झपाट्याने कामाला लागतात आणि ढीग तापतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या भाजीवाल्या बागवानांनी याच उष्णतेचा उपयोग केला. लिदीच्या थरावर माती पसरून, वर काचा ठेवून, ते ऐन थंडीत भाजी पिकवीत.

आपल्याला एवढे करायचे नाही. तबेल्यात घोड्याखाली पसरलेला पेंढा मुताने भिजतो आणि लिदीत मिसळतो. तोच ओला पेंढा लिदीसकट उचलावा. खत नीट कुजण्यासाठी एक भाग नत्राला सुमारे पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो. पेंढ्यात कर्ब जास्त, लीदमुतात नत्र. दोन्हींचे मिश्रण या प्रमाणाच्या जवळपास येते. पेंढ्याऐवजी लाकडाचा भुसा असेल तर कर्ब फार होतो. मग हिरवे गवत किंवा शेण मिसळावे लागते. ढीग लांबी, रुंदी, उंचीला निदान एक मीटर हवा. लहान ढीग तापत नाही. मूठभर घेऊन दाबले तर जेमतेम एखादा थेंब सुटावा, एवढाच ओलावा ठेवावा. काही दिवसांत आतली उष्णता ५५ ते ६५ अंशांवर जाते. तिने गवताच्या बिया आणि जंतांची अंडी मरतात. बाहेरची बाजू मात्र थंडच राहते, म्हणून चार-पाच वेळा ढीग उलटून बाहेरचे आत घालायचे. आपल्याकडच्या पावसात वर पत्रा आणि खाली उंचवटा हवाच. नाहीतर सारा कस पाण्याबरोबर जातो. लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, तेव्हा हाताला जखम असताना हे काम करू नये आणि इंजेक्शन घेतलेले असावे. तीन-चार महिन्यांनी खत काळे, भुसभुशीत होते. पेंढा ओळखू येत नाही आणि वास येतो तो पहिल्या पावसाच्या मातीचा.

या विद्येला जगात 'इंदूर पद्धत' म्हणतात, हे वाचून मला अभिमान वाटला. १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने ती बसवली. बैलांच्या पायाखाली पालापाचोळा अंथरायचा आणि तोच मुताशेणासह कुजवायचा, हे तिचे एक मुख्य अंग. १९३१ साली त्याने या विषयावर जे पुस्तक काढले, त्यावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. इतकी मोठी माणसे ज्या कामात वर्षानुवर्षे रमली, त्याचे आपल्याला हसू यावे?

"हे सगळं करायचं कुणी?" असा प्रश्न येईल. माझ्या वडिलांनीही तोच विचारला. "बाळ, मी लीद भरत बसू की गिऱ्हाईक बघू?" त्यांचे खरे आहे. ओली लीद जड असते आणि वर टेंपो येत नाही. पण कुजल्यावर ढीग निम्म्याच्या आसपास बसतो आणि वजनही घटते. दस्तुरी नाक्यावरून सामान वर आणणारे घोडे उतरताना बहुधा रिकामे जातात. त्यांच्या पाठीवर खताची गोणी का येऊ नये? खाली नेरळ-कर्जतकडे रोपवाटिकांना खत लागतेच. एकट्या घोडेवाल्याला हे झेपणार नाही. दहा-बारा जणांनी मिळून एक ढीग लावला तर झेपेल. यातून घोड्यांचा धंदा तरेल असे मी म्हणत नाही. पण 'घाण करणारे' हा शिक्का तरी पुसला जाईल.

दिवाळीनंतर मी आत्याच्या परसात ढीग लावला. वडील कुरकुरत का होईना, गोण्या पाठवत राहिले. होळीच्या सुमारास खत तयार झाले. त्याच मोगऱ्याला दोन ओंजळी घातले. उन्हाळ्यात त्याला नवी पालवी आली, कळ्या आल्या. आत्याने पहिली वेणी मला दिली.

मित्रहो, आपल्या वाचनालयामागे पत्र्याखाली रिकामी जागा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी आणि प्राध्यापकांनी मनावर घेतले तर तिथे एक ढीग सहज लागेल. लीद मी आणून देईन, ढीग उलटायचा कसा ते मामा दाखवतील. आपण कला शाखेचे विद्यार्थी श्रमप्रतिष्ठेवर सुंदर निबंध लिहितो. एकदा हातात फावडे घेऊन पाहू या.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी म्हण आहे. माझ्या हिशेबाने तिला चार महिने पुरतात. फक्त कुणीतरी तो उलटायला हवा. यंदाही माझ्या नावाची चिठ्ठी खुशाल टाका. टाकण्यापूर्वी मात्र मूठभर तयार खत हातात घ्या, वास घ्या, आणि मग काय लिहायचे ते लिहा.

(द्वितीय वर्ष, कला)