जनावराला पाणी दाखवता, आजोबांना विचारता का?



राज्य सरकारी नोकर ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. शाल-नारळ घेऊन घरी येतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची सुटी सुरू होते. शेतकऱ्याला अशी ठरलेली तारीख नसते. एक दिवस औत मुलाच्या हाती जाते, पुढे बाजाराचा हिशेब जातो, चूल सुनेच्या ताब्यात जाते आणि मग लोक म्हणू लागतात, "आजा-आजी आता घरीच असतात."

हे "घरीच असतात" म्हणजे काय, ते वैशाखात जरा डोळसपणे पाहावे. मुलगा नांगरटीला, नाहीतर लग्नकार्याला गेलेला असतो. सून पाण्यामागे आणि वाळवणामागे असते. शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात. माहेरवाशीण लेक आपली दोन पोरे घेऊन आलेली असते. अशा वेळी दावणीची जनावरे, अंगणातल्या कोंबड्या, दारचा मोत्या, घरातली मनी आणि चार-सहा नातवंडे एवढा सगळा प्रपंच भर दुपारी या दोन थकल्या जिवांच्या हवाली असतो. घरात बसणाऱ्याला ऊन लागत नाही, असा आपला समज आहे. तो खरा नाही. म्हणून या आठवड्यात पिकाऐवजी घरातल्या या थोरल्या जोडीविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट तहानेची. वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण घशाला कोरड पडत नाही. त्यातच म्हाताऱ्या माणसाला वारंवार उठून बाहेर जाणे जिवावर येते, म्हणून ते मुद्दामच पाणी कमी पितात. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. "तहान लागली की मागतील" असे म्हणून चालायचे नाही. सकाळी उठल्यावर, न्याहारीला, दहाला, जेवताना, दुपारी तीनला, दिवेलागणीला अशा वेळा ठरवाव्यात आणि नातवाच्या हाती तांब्या देऊन आजोबांपुढे पाठवावे. नातवाने आणलेले पाणी कोणताही आजा परत करीत नाही. मधूनमधून पातळ ताक, ज्वारीची आंबील, लिंबाचे पाणी, कैरीचे पन्हे द्यावे. मधुमेह असेल तर गूळ-साखर आणि रक्तदाब असेल तर मीठ बेताने. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, तर पाणी किती घ्यावे ते डॉक्टरांनाच विचारावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे, ही साधी खूण आजा-आजींना सांगून ठेवावी.

दुसरी गोष्ट दावणीची. "बाबा, जनावरांना तेवढे पाणी दाखवा," असे सांगून आपण शेताकडे निघतो. या "तेवढे"चा हिशेब करून पाहा. दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला साधारण ७० ते ८० लिटर पाणी लागते. दावणीला दोन म्हशी आणि एक बैलजोडी आहे असे धरा आणि सरासरी ६० लिटरच मोजा. चार जनावरांचे २४० लिटर झाले. बादली १५ लिटरची असेल तर १६ बादल्या! सत्तरीच्या माणसाने बाराच्या उन्हात हौदापासून गोठ्यापर्यंत १६ बादल्या वाहायच्या, याला आपण "घरी बसणे" म्हणतो.

यावर उपाय खर्चाचा नाही. घरातल्या तरण्या माणसाने पहाटे निघण्यापूर्वी गोठ्यातला हौद किंवा जुना पिंप भरून ठेवावा. हौद सावलीत असावा, म्हणजे पाणी तापत नाही. जनावराला त्याच्या तोंडाशीच पाणी मिळाले की आजोबांचे काम नजर ठेवण्यापुरते राहते. म्हशीच्या काळ्या कातडीला ऊन फार लागते आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फार थोड्या असतात, म्हणून तिच्या अंगावर दुपारी पाणी मारावे लागते. हे काम मोठ्या नातवाकडे द्यावे, त्याला ते खेळासारखेच वाटेल. वैरणीचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री टाकावा. रवंथ आणि पचन यांनी जनावराच्या अंगात उष्णता निर्माण होते, तेव्हा भर दुपारी पोटभर वैरण नको. कोंबड्यांनाही दुपारी दाणे टाकू नयेत. खुराड्याला ओले गोणपाट लावावे आणि मातीच्या भांड्यात पाणी ठेवावे.

तिसरी गोष्ट घराची. खानदेशात आणि वऱ्हाडात जुनी धाब्याची घरे होती, मराठवाड्यात माळवदाची. जाड मातीच्या छपराखाली दुपार सुसह्य होई. आता पत्रे आले. पत्रे गळत नाहीत, त्यांची डागडुजी कमी, हे खरे. पण पत्र्याखालची खोली दुपारी भट्टीसारखी तापते. पुष्कळ घरांत नवी पक्की खोली लेका-सुनेची आणि पत्र्याची पडवी म्हाताऱ्यांची, अशी वाटणी आपोआप होऊन बसते. कोणाच्या मनात वाईट नसते, पण उन्हाळ्याचे तीन महिने तरी ही वाटणी बदलावी. पत्र्यावर चुन्याची पांढरी सफेदी द्यावी किंवा उसाचे पाचट, कडब्याच्या पेंढ्या पसरून बांधाव्यात. चूल जवळ असेल तर पाचट नको, ठिणगीचे भय असते. हवा चाळीस अंशांच्या पुढे गेली की पंखा नुसता गरम वारा फेकतो. अशा वेळी मान, हात, पाय ओल्या पंचाने पुसून मग पंख्याखाली बसावे.

घरातली सर्वांत थंड जागा कोणती, हे कोणाला विचारायची गरज नाही. दुपारी एक वाजता मनी कुठे निजली आहे ते पाहा. मांजर गारवा बरोबर हुडकून काढते. मोत्याही रांजणाच्या कडेची ओली माती उकरून तिथेच पोट टेकतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकल्यानेच त्याचे अंग निवते. म्हणून त्याला पत्र्याखाली किंवा उन्हात बांधून ठेवू नये आणि त्याचे पाण्याचे भांडे कधी रिकामे असू नये. त्याला दरवर्षी पिसाळण्याविरुद्धची लस टोचून घ्यावी, कारण सुट्टीत पोरे दिवसभर त्याच्या अंगाखांद्याशी खेळतात. मनीची जागा सापडली की आजोबांची बाज तिथे हलवावी. मनी थोडी सरकून घेईल!

चौथी गोष्ट कामाची. आता कोणी म्हणेल, मग म्हाताऱ्यांना काहीच करू द्यायचे नाही का? तसे मुळीच नाही. जन्मभर राबलेल्या माणसाला नुसते बसवून ठेवले तर ते खचते. काम द्यावे, पण सावलीतले द्यावे आणि ते मोलाचे असावे. एक उदाहरण देतो. घरचे सोयाबीन बियाणे पेरायचे असेल तर त्याची उगवण तपासणी आजोबांकडे सोपवा. १०० दाणे न निवडता मोजून घ्यावेत. ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि रोज पाणी शिंपडावे. पाच ते सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. ७० किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. थोडे कमी भरले तर पेरताना बियाणे वाढवावे, फारच कमी भरले तर ते बियाणे म्हणून वापरू नये. नातवंडांना मोजायला बसवले तर त्यांचीही उजळणी होते. पावसाळ्यापूर्वी जनावरांना घटसर्प आणि फऱ्या यांची, शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लस टोचायची असते. त्याची आठवण आणि नोंद ठेवणे हेही आजोबांचे काम. कुरडया, पापड, सांडगे यांचे माप आणि हात आजीचाच असू द्या, पण वाळवण पसरणे सकाळी नऊच्या आत उरकावे आणि उन्हात राखण करायला तिला बसवू नये. जाळी किंवा जुने पातळ पांघरले की भागते.

एक काम मात्र त्यांच्यावर एकट्यांवर टाकू नये. ते म्हणजे पोरांना विहिरीपासून आणि शेततळ्यापासून दूर ठेवणे. नातू धावला तर आजा त्याला गाठू शकत नाही. शेततळ्याला कुंपण आणि धरायला दोर हवाच. दुपारी घरात एक तरी तरणे माणूस असावे.

रात्री मंडळी अंगणात निजतात. भुईवर निजू नये. मण्यार रात्रीच फिरते आणि निजलेल्या माणसाला चावते. बाजेवर मच्छरदाणी लावून ती अंथरुणाखाली खोचावी. अंथरूण झटकून घ्यावे. विंचू चावून घाम सुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली तर मंत्र-उतारा करीत न बसता ताबडतोब दवाखाना गाठावा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात विंचूदंशावर प्रॅझोसिन हे औषध वापरून दाखवले, तेव्हापासून पुष्कळांचे प्राण वाचले आहेत.

आणि उष्माघाताची खूण प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. नुसता थकवा, पायात गोळे, चक्कर असेल तर सावलीत निजवून थोडे थोडे पाणी द्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्यावे. पण अंग तव्यासारखे तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, माणसे ओळखेना, तर "म्हातारपणाने भ्रमले" असे म्हणून सोडून देऊ नका. हा जिवावरचा प्रसंग आहे. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि मानेवर ओले फडके ठेवा आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

संध्याकाळी घरी परतल्यावर आपला पहिला प्रश्न असतो, "जनावरांना पाणी दाखवले का?" प्रश्न योग्यच आहे. त्याला आणखी एक जोडा: "बाबा, आई, तुम्ही आज पाणी किती प्यालात? दुपारी डोळा लागला का?" त्यांचे उत्तर संपेपर्यंत उभे न राहता शेजारी बाजेवर बसा. मृग निघाला की पेरणीची धांदल सुरू होईल. तेव्हा बांधावर उभे राहून "वापसा आलाय, आता पेर" असे सांगणारे माणूस धडधाकट हवे असेल, तर त्याची काळजी याच महिन्यात घ्यायची आहे.