एसीचा गॅस संपत नसतो

मोटारीचा एसी धापा टाकू लागला की गॅरेजची पायरी न चढता घरच्या घरी त्याचा बंदोबस्त करावा, असे मानणारा एक पंथ सध्या जोरात आहे. त्याचे शास्त्र सुटसुटीत आहे. गारवा कमी झाला म्हणजे गॅस संपला. गॅसचा कॅन विकत मिळतो, त्यासोबत मीटर लावलेली नळी मिळते. ती लो साइडला, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला, जोडायची आणि काटा हिरव्या पट्ट्यात येईपर्यंत गॅस सोडत राहायचे. तरीही भागले नाही तर कॉम्प्रेसर गेला असे समजून जुन्या बाजारातला आणायचा आणि चार बोल्ट आवळून मोकळे व्हायचे. बाकी सगळे मेकॅनिक लोकांचे थोतांड. पंथातल्या एका अभ्यासू गृहस्थांच्या मते तर व्हॅक्यूम पंप हे केवळ बिल फुगवण्याचे यंत्र आहे. एवढ्या आत्मविश्वासाने बोलणाऱ्याला उत्तर द्यायलाच हवे.

मुळात चूक पहिल्याच वाक्यात आहे. एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉइल या बंद फेऱ्यात तोच गॅस फिरत राहतो. वर्षानुवर्षांत सीलमधून थोडासा झिरपतो, हे खरे. पण दर उन्हाळ्यात गॅस ‘संपत’ असेल तर तो कुठून तरी गळतो आहे आणि कॅनवाला भोक तसेच ठेवून वरून ओततो आहे. तेही किती ओततो, हे त्याला कळत नाही. लहान गाडीला साधारण 400-500 ग्रॅम गॅस लागतो, आणि तो वजनाने मोजायचा असतो, दाबाने नव्हे. एसी बंद असताना आर-134ए या गॅसचा दाब 30 अंशांना सुमारे 97 पीएसआय असतो. आत थोडा जरी द्रव गॅस उरला असेल, तरी 150 ग्रॅमलाही तेवढाच आणि 450 ग्रॅमलाही तेवढाच. तो काटा म्हणजे महागडा थर्मामीटर आहे. एसी चालू केल्यावर लो साइडचा दाब इंजिनाचा वेग, पंखा, बाहेरचा उन्हाळा या सगळ्यांवर हलतो. नागपूर-चंद्रपुरात पारा 45 वर गेला की कंडेन्सरला 60 अंशांच्या पुढे तापल्याशिवाय उष्णता बाहेर टाकताच येत नाही, आणि त्या तापमानाला हाय साइडचा दाब 230 पीएसआयच्या आसपास जातो. त्यात कंडेन्सरवर धूळ बसलेली असेल किंवा त्याचा पंखा बंद असेल, तर दाब आणखी चढतो आणि गारवा घटतो. कॅनवाला हाय साइड पाहतच नाही. गारवा कमी म्हणून तो आणखी गॅस घालतो. जादा गॅस द्रवरूपात कॉम्प्रेसरमध्ये शिरला की आतल्या झडपा तुटतात. जो कॉम्प्रेसर धड होता, तो उपचाराने मरतो. आणि तो ‘थोतांड’ व्हॅक्यूम? दाब वातावरणाच्या चारेक टक्क्यांवर आणला की पाणी 30 अंशांनाही उकळते. म्हणून पंप अर्धा तास चालवून आतली ओल वाफ करून खेचून काढतात. कॉम्प्रेसरचे पॅग तेल ओल पटकन शोषते, त्या ओलीतून आम्ल तयार होते आणि ते धातू कुरतडते. उघडलेल्या नळीत शिरलेली हवा आणि बाष्प कुठे जातात, याचे उत्तर पंथाच्या शास्त्रात नाही.

उरलेल्या युक्त्यांवर एकेक ओळ पुरे. गळती बुजवणारे रसायन एक्स्पान्शन व्हॉल्व्हही तितक्याच निष्ठेने बुजवते. काटकसर म्हणून घरगुती गॅस भरणाऱ्याने कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत, म्हणजे आपल्या गुडघ्यांपुढे असते हे आठवावे. इलेक्ट्रिक गाडीच्या कॉम्प्रेसरमध्ये पॅग तेल गेले तर वीजरोधन बिघडते. हवेत सोडलेला आर-134ए शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या 1430 पट तापवतो. 2016च्या किगाली कराराला भारताने 2021 मध्ये मान्यता दिली ती याच जातीच्या वायूंचा वापर कमी करण्यासाठी.

पूर्वी लोक सगळे घरीच करत, हा युक्तिवाद मात्र मरता मरत नाही. फ्युएल इंजेक्शन आले तेव्हाही हीच तक्रार होती, की कार्ब्युरेटरचा जेट काढून तोंडाने फुंकला की गाडी सुरू व्हायची, आता कॉम्प्युटर लावतात. व्हायची, कबूल. पण उघडलेल्या जेटमध्ये हवा गेली तर कुणाचे बिघडत नव्हते.

गॅरेजवाले फसवत नाहीत, असे कुणी म्हणणार नाही. नुसता क्लच किंवा पुलीचे बेअरिंग गेलेले असताना अख्खा कॉम्प्रेसर गळ्यात मारणारे आहेत, आणि रस्त्याकडेचे कित्येक जण गॅस अंदाजानेच भरतात. त्यावर इलाज म्हणजे बंद फेऱ्याला हात न लावता घरी जेवढे पाहता येते तेवढे पाहून जाणे. फ्यूज आणि रिले तपासा. कंडेन्सरचा पंखा फिरतो का पाहा. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर संशय पुलीचे बेअरिंग किंवा बेल्टच्या टेन्शनरवर, चालू केल्यावरच येत असेल तर क्लच किंवा कॉम्प्रेसरच्या पोटावर. क्लच ओढतच नसेल तर लगेच शोक करू नका. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी त्याला मुद्दाम थांबवतो. (काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे ही परीक्षा लागू नाही.) सांध्यांवर तेलकट डाग दिसला तर गळती बहुधा तिथेच. गॅरेजात दोन्ही बाजूंचे मीटर लावून लो साइड चढलेली आणि हाय साइड पडलेली निघाली, तर कॉम्प्रेसर दमला या निदानात दम आहे. तो आतून घासून गेला असेल तर धातूचा चुरा कंडेन्सरच्या बारीक नळ्यांत बसलेला असतो आणि तो धुऊन निघत नाही. तेव्हा कंडेन्सर, ओल टिपणारा ड्रायर आणि व्हॉल्व्ह बदलण्याच्या खर्चावर घासाघीस करू नका, नाहीतर नवा कॉम्प्रेसरही त्याच चुऱ्याने जाईल. हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवा, म्हणजे शाफ्टचे सील तेलात राहील. आणि गॅरेजात बिलावर दोन आकडे लिहून मागा: जुना गॅस किती ग्रॅम निघाला आणि नवा किती ग्रॅम भरला. ते द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडे गाडी ठेवू नका.