तापानंतर हृदयाचें चित्र: कोणाचें आणि केव्हां?

गेल्या मार्गशीर्षांत दुसरबीडास आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं दोन दिवस राहण्याचा योग आला. सिंदखेडराजाहून मेहकराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. घर अकरा माणसांचें, चूल एक, आणि शब्द नानांचा. रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओसरीवर गोष्टी निघाल्या त्या २०२१ सालच्या. त्या वर्षीं फेब्रुवारींत कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रांत प्रथम विदर्भांत उठली. अमरावती व अचलपूर येथें २२ तारखेपासून टाळेबंदी झाली, हें वाचकांस स्मरत असेलच. मार्चांत ती या घरांत शिरली. चौघांना ताप आला आणि चौघेंहि उठलीं. आम्हांस सांगावयाची आहे ती त्यापुढील हकीकत.

धाकट्या चिरंजीवांनीं कोठें तरी वाचलें कीं, या तापांतून बऱ्या झालेल्या शंभर माणसांपैकीं ७८ जणांच्या हृदयांत कांहीं ना कांहीं दोष सांपडला. त्याच सुमारास एका तपासणीकेंद्राची सवलतीची जाहिरातहि हातीं पडली. बैठक बसली, आणि ताप येऊन गेलेल्या तिघां पुरुषांनीं गाडी करून जावें व एकदांचें हृदयाचें चित्र काढून मोकळें व्हावें असें ठरलें. चौथें माणूस म्हणजे थोरल्या सूनबाई. त्यांचें नांव यादींत नव्हतें. त्यांचा ताप दोनच दिवसांचा, आणि तिसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरांत उभ्या होत्या. तेव्हां त्यांना काय झालें असणार, असा सर्वांचा समज.

तो ७८ चा आंकडा कांहीं खोटा नव्हे. जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथील डॉक्टरांनीं २०२० च्या उन्हाळ्यांत शंभर जणांच्या हृदयांचीं एमआरआय-चित्रें घेतलीं. त्यांतील ६७ जण घरींच बरे झालेले होते. ७८ चित्रांत फरक दिसला आणि ६० जणांच्या हृदयांत दाह चालूं असल्याचीं चिन्हें आढळलीं. पुढें लेखकांना आंकड्यांत दुरुस्ती करावी लागली, तरी मुख्य निष्कर्ष त्यांनीं कायम ठेविला. वृत्तपत्रांनीं उचलला तो एवढाच भाग. चित्रांतला फरक निराळा आणि रोग निराळा, हें सांगावयास कोणी थांबलें नाहीं. २०२१ सालीं अमेरिकेंतील १३ विद्यापीठांच्या १५९७ खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध झाली. या सर्वांना कोरोना होऊन गेलेला. एमआरआयनें हृत्स्नायूचा दाह निघाला तो ३७ जणांत, म्हणजे शेंकडा दोनांहून किंचित् अधिक. त्यांतहि त्रास जाणवत होता तो नऊ जणांनाच. ७८ आणि २ या दोन आंकड्यांमध्यें सामान्य कुटुंबानें उभें तरी कोठें राहावें?

आमच्या मतें प्रथम यंत्रांचा भेद समजून घ्यावा. एमआरआय हें मोठ्या चुंबकाचें काम. हृत्स्नायूला सूज आहे काय, तेथें वण पडला आहे काय, हें तें दाखवितें. परंतु रोग्यास नळींत बराच वेळ निश्चल पडून सांगितल्या क्षणीं श्वास रोखावा लागतो. धापा टाकणाऱ्या माणसाला हें कसें साधावें? इकोचें तसें नाहीं. स्वीडनमधील लुंड येथें एडलर व हर्ट्झ या दोघांनीं १९५३ सालीं ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून हृदयाची हालचाल टिपली, तेथून या विद्येचा उगम. कानाला ऐकूं न येणारा ध्वनि छातींत सोडावयाचा आणि परत येणाऱ्या लहरींवरून चालतें हृदय पडद्यावर पाहावयाचें. किरणांचा धोका नाहीं, आणि यंत्र रोग्याच्या खाटेपाशीं नेतां येतें.

या इकोनेंच साथीच्या ऐन भरांत एक मोलाची गोष्ट दाखविली. तेल अवीव येथें रुग्णालयांत आलेल्या शंभर रोग्यांचे इको २०२० सालीं काढले गेले. सर्वांत अधिक आढळला तो हृदयाच्या उजव्या कप्प्याचा विस्तार वा दुबळेपणा, १०० पैकीं ३९ जणांत. कारण सरळ आहे. उजवा कप्पा रक्त फुप्फुसांकडे ढकलतो, आणि त्याची भिंत पातळ. फुप्फुसें सुजलीं, त्यांच्या वाहिन्यांत गुठळ्या झाल्या, कीं त्याच्यापुढील वाट अरुंद होते व तो ताणला जातो. डावा कप्पा जात्या बळकट. त्याचें आकुंचन मंदावलेलें दिसलें तें दहाच जणांत. त्याच वर्षींच्या एप्रिलांत ६९ देशांतून १२१६ रोग्यांचे इको एकत्र केले गेले. निम्म्याहून अधिकांत दोष निघाला आणि सुमारें एकतृतीयांश रोग्यांची उपाययोजना त्यामुळें बदलली. मात्र हे सारे रोगी डॉक्टरांना संशय आल्यामुळें निवडलेले होते, ही गोष्ट विसरूं नये. इको करणारास रोग्याच्या तोंडापाशीं बसावें लागतें. म्हणून अमेरिकेंतील इकोतज्ज्ञांच्या संस्थेनेंहि त्या काळांत बजावलें होतें कीं, उत्तरानें उपचारांत फरक पडणार असेल तरच इको करावा.

दुसरबीडच्या घरीं हा विचार आणला तो गांवच्या डॉक्टरांनीं. ते आले होते नानांची साखर पाहावयास. चहा सूनबाईंनीं आणला. दहा पावलें चालून आलेल्या बाईचा श्वास दारांत ऐकूं येतो, हें डॉक्टरांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं विचारपूस केली, तेव्हां कळलें कीं रात्रीं दोन उशा लागतात, आडवें पडलें कीं गुदमरतें, धुण्याची बादली घेऊन गच्चीवर जातांना चौथ्या पायरीवर थांबावें लागतें. नडगीवर त्यांनीं आंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. तिघां पुरुषांना यांपैकीं कांहींच नव्हतें. डॉक्टर म्हणाले, "नाना, मुलांचें राहूं द्या. आधीं सूनबाईंना न्या." सूनबाई मात्र म्हणत होत्या, "थकवा आहे हो, जाईल आपोआप." हें वाक्य आमच्या किती घरांतून ऐकूं येतें!

दुसऱ्याच दिवशीं त्यांना जालन्यास नेलें. निरोगी डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यांतील निम्म्याहून अधिक रक्त बाहेर फेंकतो. सूनबाईंचा फेंकत होता शेंकडा ३५. औषधें सुरू झालीं, पाण्याचें व मिठाचें माप ठरलें, आणि सहा महिने स्वयंपाकघर धाकट्या जावेकडे व, नवल असें कीं, दोघां मुलग्यांकडे गेलें. वर्षानें पुन्हां इको केला तेव्हां तोच आंकडा ५० वर आला होता. आतां त्या एका उशीवर झोंपतात. औषधें चालूं आहेत.

हा सारा त्या विषाणूचाच प्रताप, असें मात्र त्यांच्या डॉक्टरांनीं छातीठोकपणें सांगितलें नाहीं. तापापूर्वीं हृदय कसें होतें हें दाखविणारा कागद घरांत नव्हता. ताडून पाहावें तें कशाशीं? नानांच्या इकोचे मात्र तीन निघाले, देवघराच्या फडताळांत, पंचांगाखालीं. आतां त्यांच्यावर सूनबाईंचे दोन ठेविलेले असतात, आणि जालन्यास जातांना पिशवींत प्रथम तेच जातात.