परिचारिकेच्या हाती लेखणी का नको?

परिचारिकेविषयी लिहिताना मराठी लेखणी आपोआप हळवी होते. पांढरा वेष, मध्यरात्रीचा वॉर्ड, तापलेल्या कपाळावरचा हात, ‘सेवेचे व्रत’ आणि १२ मे रोजी हमखास निघणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेलची आठवण, एवढ्या सामग्रीवर आपले गौरवलेख उभे राहतात. हे लेखन सद्भावनेने होते याबद्दल शंका नाही. माझा आक्षेप असा की, हा गौरवच परिचारिकेच्या मुळावर आला आहे. ज्याला आपण सेवा म्हणतो त्यातले पुष्कळसे ज्ञान असते. आणि ज्ञानाला एकदा सेवा म्हटले की त्याला अधिकार द्यावा लागत नाही. दीर्घकालीन आजारांच्या आजच्या काळात या शब्दच्छलाची किंमत रुग्ण मोजतो आहे.

नाइटिंगेलचेच पाहा. आपल्याला तिचा दिवा आठवतो, तिचे तक्ते आठवत नाहीत. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने अधिक मेले, हे तिने आकडे मांडून ब्रिटिश सरकारला दाखवून दिले आणि लंडनच्या सांख्यिकी संस्थेने तिला आपली पहिली स्त्री सदस्य करून घेतले. आपल्या परंपरेचीही आपण हीच गत केली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे परिचारक, आणि रुग्ण. या उपस्थात्याचे चार गुण तिथे क्रमाने येतात: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. पहिला गुण ज्ञानाचा, दुसरा कौशल्याचा. जिव्हाळ्याचा क्रमांक तिसरा. आपण पहिले दोन वगळले आणि अनुराग तेवढा उचलला.

अरुणा शानबाग यांच्या बाबतीत हे ठळकपणे दिसले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील ही परिचारिका १९७३ साली अमानुष हल्ल्याची बळी ठरली आणि २०१५ साली मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे, तिथेच अंथरुणाला खिळून होती. २०११ साली दयामरणाची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने तिची काळजी घेणाऱ्या परिचारिकांची मनापासून प्रशंसा केली. वृत्तपत्रांनीही केली. मात्र प्रशंसेचे शब्द प्रेम, त्याग आणि भगिनीभाव यांच्याभोवतीच फिरत राहिले. स्वतःहून कूस न बदलू शकणारा देह वर्षानुवर्षे शय्याव्रणांपासून जपायचा, घास श्वासनलिकेत जाऊ न देता भरवायचा, बोलू न शकणाऱ्या रुग्णाची वेदना चेहऱ्यावरून ओळखायची, ही विद्या आहे. एखाद्या शल्यविशारदाने इतकी वर्षे असे काही साधले असते, तर त्याच्या प्रेमाचे कौतुक करून आपण थांबलो नसतो. त्याच्या पद्धतीवर ग्रंथ निघाला असता.

हा केवळ मानसन्मानाचा प्रश्न असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु आता आजाराचेच रूप बदलले आहे. पटकी किंवा विषमज्वर येई. माणूस त्यातून उठे किंवा जाई. मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, सांधेदुखी हे पाहुणे जात नाहीत आणि बहुधा एकेकटे येतही नाहीत. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातली पासष्ट वर्षांची एखादी शेतकरी स्त्री डोळ्यांपुढे आणा. मधुमेहासाठी एक डॉक्टर, रक्तदाबासाठी दुसरा, गुडघ्यांसाठी तिसरा. प्रत्येकाची चिठ्ठी आपापल्या जागी बिनचूक आहे. पण गुडघ्यांसाठी दिलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी रक्तदाब वाढवू शकते आणि मूत्रपिंडाला अपाय करते. जोडीला रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी असली, तर मूत्रपिंड अचानक निकामी होण्याचा धोका आणखी वाढतो. मूत्रपिंड मंदावले की इन्सुलिन शरीरात अधिक काळ टिकते, पूर्वीचीच मात्रा जास्त ठरू लागते आणि पहाटे रक्तातली साखर इतकी उतरते की घरचे लोक तिला साधी भोवळ समजतात.

या तिन्ही चिठ्ठ्या एकत्र वाचणारे कोणी नाही. त्यासाठी नाशिकला यायचे तर अख्खा दिवस मोडतो, मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतो. आणि मोठ्या रुग्णालयात पुन्हा विभाग वेगळे, रांगा वेगळ्या. साहित्याच्या अभ्यासकाला हे दुखणे समजणे अवघड नाही. तीन टीकाकारांनी एका कादंबरीची प्रकरणे वाटून घ्यावीत आणि संपूर्ण कादंबरी कोणीच वाचू नये, असा हा प्रकार आहे.

संपूर्ण रुग्ण वाचण्याचे हे काम अनेक देशांनी उच्चप्रशिक्षित परिचारिकांकडे सोपवले आहे. १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हा बालरोगतज्ज्ञ यांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. ब्रिटनमध्ये २००६ पासून विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका आपल्या अभ्यासाच्या मर्यादेत जवळपास सर्व औषधे स्वतः लिहून देऊ शकतात. दक्षिण आफ्रिकेत २०१० पासून एचआयव्हीचे औषधोपचार सुरू करण्याची जबाबदारी परिचारिकांनी उचलली. २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने अशा १८ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. प्राथमिक आरोग्यसेवेत डॉक्टरांच्या जागी परिचारिकांनी केलेल्या उपचारांचे परिणाम बहुधा तितकेच किंवा थोडे अधिक चांगले असतात आणि रुग्णांचे समाधान अधिक असते, असा त्याचा निष्कर्ष. परिचारिका प्रत्येक रुग्णाला वेळ अधिक देतात, हेही त्यात नोंदलेले आहे. बहुतेक प्रयोग श्रीमंत देशांतले आहेत, हे मान्य. पण अनेक व्याधींच्या रुग्णाला सर्वाधिक गरज या वेळेचीच असते, हे काही श्रीमंत देशांपुरते खरे नाही.

आपल्याकडे काय आहे? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचा उल्लेख आहे. भारतीय परिचर्या परिषदेने त्याच सुमारास दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रमही आखला. पण तो अतिदक्षता विभागासाठी, म्हणजे जिथे डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो तिथल्यासाठी. २०१८ मध्ये ‘आयुष्मान भारत’ योजना आली आणि उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्यांत परिचर्येचे पदवीधरही आहेत. रक्तदाब आणि साखर तपासणे, डॉक्टरांनी ठरवलेल्या गोळ्या पुढे चालू ठेवणे, गरज पडल्यास दूरसंवादाने सल्ला घेणे ही त्यांची कामे. नेमणूक मात्र कंत्राटी आणि विशेष प्रशिक्षण अवघे सहा महिन्यांचे. सुरगाण्याच्या त्या बाईला गुडघ्याची गोळी बाधते आहे, हे उपकेंद्रातल्या सिस्टरला कळले तरी चिठ्ठी बदलण्याचा अधिकार तिला नाही. ‘डॉक्टरांना विचारा’ एवढेच ती म्हणू शकते.

आता खुद्द नाशिककडे वळू. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे वैद्यक, आयुर्वेद, होमिओपथी आणि परिचर्या या साऱ्या शाखा आहेत. २०१४ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली आणि होमिओपथीच्या पदवीधरांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर ॲलोपथीची औषधे देण्याची वाट मोकळी केली. तो अभ्यासक्रम याच विद्यापीठाचा. डॉक्टरांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२५ साली नोंदणीच्या मुद्द्यावरून वाद पुन्हा पेटला. त्यात बाजू कोणाची खरी, हा इथला विषय नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. चार वर्षांची पदवी आणि वर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, औषधशास्त्र शिकलेली, आधुनिक रुग्णालयातच घडलेली परिचारिका त्याच विद्यापीठातून बाहेर पडते. औषध लिहिण्याचा अधिकार आणखी कोणाला द्यावा यावर दशकभर रणकंदन चालले असता तिचे नाव इतके अभावाने का ऐकू यावे? ती बहुधा स्त्री असते आणि ‘सेवा’ करते, म्हणून तिने काही मागायचे नसते, याखेरीज मला दुसरे उत्तर सापडत नाही.

या मागणीवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप रुग्णाच्या सुरक्षिततेचा. तो गंभीर आहे, म्हणूनच अधिकार सरसकट असू नये. निदान झालेले दीर्घकालीन आजार, ठरावीक औषधांची यादी, मात्रा कमी-अधिक करण्याच्या लेखी मर्यादा, धोक्याची लक्षणे दिसताच डॉक्टरकडे पाठवण्याचे बंधन आणि चुकीची कायदेशीर जबाबदारी, एवढे सारे त्यात यावे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: शहरातल्यांना डॉक्टर आणि आदिवासी पाड्याला परिचारिका, ही दुय्यम सेवा नव्हे काय? तिथे डॉक्टरची जागा भरण्याऐवजी स्वस्त पर्याय म्हणून परिचारिका नेमली, तर हा आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल. म्हणून ही व्यवस्था नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातही असावी आणि पेठच्या उपकेंद्रातही. तीन चिठ्ठ्यांचा गोंधळ कॉलेज रोडवरच्या सधन घरातही तितकाच असतो. तिसरा आक्षेप परिचारिकांच्या बाजूचा: आधीच एकेका परिचारिकेवर पेलवणार नाहीत इतके रुग्ण, त्यात हे नवे ओझे कशाला? याचे उत्तर इतकेच की पद, वेतन आणि कायम नेमणूक यांशिवाय दिलेला अधिकार हा सेवेच्या नावाने चालणाऱ्या पिळवणुकीचाच नवा अवतार होईल. तो मला नको आहे.

२०२३ साली परिचर्या आयोगाचा नवा कायदा संमत झाला आणि १९४७ चा जुना कायदा मागे पडला. संधी आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने दीर्घकालीन आणि बहुव्याधी रुग्णांच्या परिचर्येचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आखावा, त्याचे प्रात्यक्षिक सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत व्हावे आणि होमिओपथीसाठी कायदा बदलू शकणाऱ्या राज्याने मर्यादित औषधलेखनासाठीही तो बदलावा. एका विद्यापीठाच्या आणि एका विधिमंडळाच्या आवाक्यातली ही गोष्ट आहे.

आणि आपण, साहित्य शिकणारे-शिकवणारे? मराठीत डॉक्टरांच्या आत्मपर लेखनाचे दालन समृद्ध आहे. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ किंवा रवी बापट यांचे ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ ही नावे चटकन ओठांवर येतात. परिचारिकेने लिहिलेल्या पुस्तकाचे नाव तसे येत नाही. त्या वॉर्डातल्या सिस्टरने काय पाहिले, कोणता निर्णय चुकताना पाहिला आणि बोलू शकली नाही, हे मराठी वाचकाला फारसे कळलेले नाही. आपल्या वर्गांत स्त्रीवादी समीक्षा शिकवली जाते, घरातल्या अदृश्य श्रमांवर निबंध लिहून घेतले जातात. मग रुग्णालयातल्या अदृश्य ज्ञानाकडे पाहण्याची वेळ आली की आपली भाषा एकदम ‘माऊली’ आणि ‘देवदूत’ का होते? पुढच्या १२ मे रोजी कोणी गौरवलेख मागितला, तर त्यात ‘सेवा’ हा शब्द एकदाही न वापरता परिचारिकेचे काम सांगून पाहावे. काय शिकल्या, काय ओळखले, काय टाळले आणि काय करण्यापासून कायद्याने त्यांना रोखले, एवढेच लिहावे.