आखडलेला खांदा

आपल्याला खांदा आहे याची आठवण माणसाला सहसा होत नाही. मला ती एका सकाळी वर्गात झाली. फळ्यावर तारीख लिहायला गेलो आणि हात कानापाशीच अडला. ‘आज फळा उंच टांगलाय का रे?’ असे विचारून मी मुलांपुढे वेळ मारून नेली. पण घरी सदऱ्याच्या बाहीपुढे ही थाप चालेना. रात्री त्या कुशीवर वळलो की कळ येऊन झोप उडे.

आमचे वलगाव अमरावतीजवळचे, पेढी नदीच्या काठचे. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी या वाटेवरच देह ठेवला, म्हणून गावाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा गावात सल्ल्याला तोटा नसतो. कुणी वात म्हणाले, कुणी उशीला दोष दिला. मालिश करणाऱ्या एका गृहस्थांनी तर, “काहून भेता, सर? एका झटक्यात हात मोकया होते!” असे म्हणून झटका दिलाच. पुढचे तीन आठवडे हात गळ्यात बांधून काढले. दुखतो म्हणून हलवला नाही आणि हलवला नाही म्हणून तो आणखी आखडला.

अखेर अमरावतीला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला हात उचलायला लावला, मग स्वतः उचलून पाहिला. दोन्ही वेळा तो एकाच जागी अडला. कोपर कुशीला टेकवून पंजा बाहेर वळवायला सांगितले, तेही जमेना. एक्स-रे मात्र स्वच्छ! “फ्रोझन शोल्डर,” ते म्हणाले आणि चिठ्ठीवर रक्तातील साखर तपासायला लिहिले.

“अहो, दुखतो खांदा, साखर कशाला?”

“तपासा तर खरी, सर.”

साखर वाढलेली निघाली. खांद्याने चहाडी केली नसती, तर मधुमेह आणखी किती दिवस गुपचूप घरात राहिला असता कोण जाणे!

डॉक्टरांनी मग सारे नीट समजावले. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैल पिशवी असते. सैल असते म्हणूनच हात चहूकडे फिरतो. ती सुजते, जाड होते आणि आक्रसते. सुश्रुताने ‘अवबाहुक’ या नावाने खांद्याची बंधने सुकून हात जखडण्याचा विकार सांगितला आहे. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव बोस्टनच्या डॉ. कॉडमन यांनी १९३४ साली रूढ केले. आणि हा विकार समजावायला व बरा करायला अवघड, अशी कबुलीही त्यांनीच दिली. चाळिशी ते साठीत तो अधिक, स्त्रियांत जास्त, मधुमेह्यांत तर कितीतरी जास्त. थायरॉईडच्या तक्रारीत, किंवा मोडलेला हात फार दिवस बांधून ठेवल्यावरही होतो. आधी काही महिने दुखण्याचे, मग काही महिने आखडण्याचे, मग हळूहळू सुटण्याचे. सारे मिळून एक ते तीन वर्षे.

ही हकीकत आईला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “मागं हात जात नाही नं? माहाही नव्हता जात. तू चौथीत होता तवा.”

आणि मला ते वर्ष आठवले. आईची वेणी ताई घालायची. फळीवरचे डबे जमिनीवर आले होते. आजी म्हणे, सुनेला काम नको झाले. आणि आम्ही पोरेही तिला ‘आळशी’ म्हणून चिडवत होतो.

“तू सांगितलं का नाहीस?”

“सांगतलं होतं. त्याईनं बाम आनून देल्ला होता.”

तिचा हात पुढे आपोआप सुटला, पण पुरता नाही. वरच्या फळीपर्यंत तो आजही जात नाही.

१९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या अमरावतीत आहे, तिच्या शेजारच्या माणसाला व्यायाम शिकावा लागावा, ही गंमतच. दहा मिनिटे गरम शेक घ्यायचा. मग वाकून, चांगला हात टेबलावर टेकून, दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल झुलवायचा. भिंतीवर बोटांनी मुंगीच्या पावलांनी वर चढायचे. पाठीमागे टॉवेल धरून चांगल्या हाताने दुखरा हात हलके वर ओढायचा. दिवसातून तीनदा, थोडे थोडे. ताण बसावा, पण कळ मागे रेंगाळू नये. दुखणे असह्य असेल तर डॉक्टर सांध्यात इंजेक्शन देतात. त्याने मधुमेह्याची साखर काही दिवस चढते, तेव्हा आधी सांगावे. क्वचित भूल देऊन किंवा दुर्बिणीने पिशवी मोकळी करावी लागते. मात्र खांदेदुखीबरोबर छाती भरून आली, घाम सुटला, तर व्यायाम नव्हे, तडक इस्पितळ!

आठ महिन्यांनी माझा हात फळ्याच्या वरच्या कडेला लागला. गोळ्या व पथ्य चालूच आहे.

वाचकहो, या दिवाळीत फराळाला बसण्यापूर्वी स्वयंपाकघरात एकदा डोकावा. नेहमी वरच्या फळीवर असणारे डबे खाली आले असतील, तर कारण विचारा. आणि उत्तर मिळाल्यावर नुसता बाम आणून देऊ नका.