लहान उद्योगाला सवलत द्या, पण कामगाराच्या घामातून नको!

‘कामगार कायद्यांनी लहान उद्योजकाला मारले’ हे वाक्य आता आपल्याच तरुणांच्या तोंडी ऐकू येते. गाळा भाड्याने घेऊन दोन मशिनी टाकणाऱ्या आपल्या पोराचा आम्हाला अभिमानच आहे. पण त्याचा शत्रू खरोखर कामगार कायदा आहे का?

कायदा तर लहान उद्योगापासून केव्हाच दूर सरकला आहे. भविष्य निर्वाह निधी साधारणतः २० कामगारांपासून लागू होतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने १० पेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळे केले. केवळ माहिती कळवली की झाले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तर कारखान्याची व्याख्याच बदलली: विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० ऐवजी २०, विजेशिवाय २० ऐवजी ४० कामगार. म्हणजे विजेवरच्या यंत्रांवर १८ माणसे राबतात ते ठिकाण आता कारखानाच नाही! तिथे बोट तुटले तर सुरक्षेचा जाब कुणाला विचारायचा?

आणि ही १८ माणसे कोण? जमीन नाही, भांडवल नाही, ओळखीपाळखी नाहीत, अशीच माणसे अशा ठिकाणी राबतात. त्यांत आपल्या वस्तीतले किती, हे प्रत्येकाने मोजावे. एका भावाला सवलत आणि दुसऱ्या भावाचा हक्क गहाण, याला उद्योजकता म्हणायचे का?

दलित उद्योजकाची खरी अडचण वेगळीच आहे. बँक तारण मागते. पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाकारलेल्यांनी ते आणायचे कुठून? २०१६ च्या स्टँड-अप इंडियात १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्जाची तरतूद होती, पण शाखेच्या दारात जात आणि पत एकत्रच मोजली जाते. केंद्र सरकारच्या खात्यांनी व सार्वजनिक उपक्रमांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे २०१२ चे धोरण सांगते. हे उद्दिष्ट वर्षानुवर्षे अपुरेच राहिले. २००६ च्या कायद्यानुसार मोठ्या खरेदीदाराने ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तरी लहान पुरवठादार तक्रार करायला घाबरतो, कारण पुढची ऑर्डर त्याच साहेबाच्या हातात असते.

पैसे अडवतो मोठा खरेदीदार, कर्ज अडवते बँक, आणि कात्री लागते मजुरीला!

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये पक्ष काढला तो स्वतंत्र मजूर पक्ष. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच काळात झाली. किमान वेतनाचे विधेयकही त्यांनीच मांडले. त्यांच्या नावाने पतसंस्था आणि दुकाने उघडायची आणि आत किमान वेतन बुडवायचे, हे चालणार नाही. किमान वेतनाला कामगारांच्या संख्येची अट नाही, हे आपल्या प्रत्येक उद्योजकाने पाठ करावे.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनो, मागण्या नीट लावा. तारणाशिवाय कर्ज, ४ टक्के खरेदीचा खात्यानिहाय जाहीर हिशेब, ४५ दिवसांचे पैसे वसूल करणारी यंत्रणा, आणि लहान मालकाला झेपत नसेल तर त्याच्या कामगारांच्या विम्याचा व निर्वाह निधीचा वाटा सरकारने भरावा. मालक आपला असो वा परका, कामगाराचा हक्क तोच. उद्योजक आणि मजूर एकमेकांविरुद्ध उभे राहिले तर जिंकणार तिसराच.

जय भीम!