न झालेल्या गोलांचं श्रेय कुणाला?

आईस हॉकीतला सगळ्यात गाजलेला फोटो १० मे १९७० चा आहे. बॉस्टनच्या बॉबी ऑरने स्टॅनले कप जिंकून देणारा गोल मारलाय, प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकला अडखळून तो हवेत आडवा उडालाय, आणि पडता पडताच आनंदाने ओरडतोय. अमेरिका-कॅनडात या फोटोचा पुतळासुद्धा झाला. गंमत म्हणजे ऑर होता डिफेन्समन. गोल अडवणं हे त्याचं काम. फोटो मात्र गोल मारल्याचा!

दरवर्षीच्या सर्वोत्तम डिफेन्समनला एनएचएलमध्ये नॉरिस ट्रॉफी मिळते. ऑरने ती सलग आठ वेळा जिंकली. त्याच्या खालोखाल, सात वेळा जिंकणारे दोघंच. जुन्या जमान्यातला डग हार्वी आणि स्वीडनचा निक्लास लिडस्ट्रॉम. हा लिडस्ट्रॉम डेट्रॉईट रेड विंग्ज या एकाच संघाकडून वीस मोसम खेळला, १,५६४ सामने, चार स्टॅनले कप. पण डोळे मिटले की समोर येईल असा त्याचा एकही फोटो नाही. मला हा माणूस आवडतो तो नेमका त्यामुळेच, आणि त्याच्या गोष्टीचा जो सोयीचा अर्थ काढला जातो तो मात्र अजिबात पटत नाही.

आधी खेळ थोडा समजून घेऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी तो सिनेमात नाहीतर रीलमध्येच पाहिलाय. बर्फावर एका संघाचे सहा जण: एक गोलकीपर, तीन फॉरवर्ड, दोन डिफेन्समन. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. दमछाक इतकी की पाऊण-एक मिनिट खेळलं की खेळाडू बाकावर परत आणि दुसरे आत. शरीराने धडक मारणं नियमात बसतं, रीलमध्ये दिसतं तेही तेच. सुसाट आलेला माणूस काचेवर आदळतो, प्रेक्षक उठून उभे राहतात. डिफेन्समन म्हणजे असा आदळणारा, अशी आपली समजूत होते.

लिडस्ट्रॉम आदळायचाच नाही. वीस मोसमांत मिळून त्याला शिक्षा म्हणून बाहेर बसावं लागलं ते फक्त ५१४ मिनिटं. धडकाधडकी करणारे काही गडी एवढी मिनिटं दोन मोसमांत भरतात. मग तो करायचा काय? समोरून फॉरवर्ड पक घेऊन येतोय, हा उलटा, मागे मागे स्केटिंग करतोय. नवखा डिफेन्समन पककडे बघतो आणि फसतो. मुरलेला समोरच्याच्या छातीकडे बघतो, कारण स्टिकने कितीही हुलकावण्या दिल्या तरी माणूस छाती जाईल तिकडेच जाणार. लिडस्ट्रॉम मधली वाट आधीच बंद करून ठेवायचा, स्टिक पासच्या रस्त्यात आडवी. समोरच्याला कडेची जागा मोकळी दिसायची, तो तिकडे वळायचा आणि कोपऱ्यात अडकायचा. पक काढून घेतला की लगेच एक साधा, सरळ पास. संपलं. प्रेक्षकांना वाटायचं, त्या फॉरवर्डचंच काहीतरी चुकलं.

हल्ल्यातही तसंच. डेट्रॉईटच्या जुन्या जो लुईस अरीनातल्या मागच्या फळ्यांवरून पक जोरात उसळून परत यायचा. लिडस्ट्रॉम लांबून मुद्दाम गोलच्या बाजूला मारायचा, पक फळीवर आपटून समोर यायचा आणि तिथे टपून बसलेला आपला गडी तो आत ढकलायचा. बघणाऱ्याला वाटणार नेम चुकला!

१९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, वेस्तेरोस नावाच्या स्वीडिश गावातल्या क्लबचा हा पोरगा ५३ व्या नंबरवर गेला. पहिल्या नंबरवर होता त्याच्याच देशाचा मॅट्स सुंडीन. १९९१ मध्ये लिडस्ट्रॉम डेट्रॉईटला आला, पहिल्याच मोसमात साठ गुण केले (गोल आणि गोलला लावलेला हात, दोन्हींचा एकेक गुण), तरी सर्वोत्तम नवोदिताचा मान गेला पावेल ब्युरेला. ब्युरे विजेसारखा पळायचा. नाव होणारच.

त्याचं खरं काम उघड झालं ते १९९७ च्या फायनलमध्ये. समोर फिलाडेल्फिया फ्लायर्स. त्यांचा कॅप्टन एरिक लिंड्रॉस आणि त्याचे दोन साथीदार, तिघंही धिप्पाड. या त्रिकुटाला नावच पडलं होतं ‘लीजन ऑफ डूम’. सगळ्यांचा अंदाज असा की डेट्रॉईटचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांच्यासमोर व्लादिमिर कॉन्स्टँटिनोव्हला उभं करणार. तो रशियन पठ्ठ्या धडक मारण्यात उस्ताद होता. बोमननी सोडलं लिडस्ट्रॉमला आणि त्याच्याबरोबर लॅरी मर्फीला. दोघंही न आदळणारे. हिशेब सोपा होता: हत्तीशी टक्कर घ्यायची नाही, त्याला पकच मिळू द्यायचा नाही. डेट्रॉईटने चारही सामने जिंकले. लिंड्रॉसला अख्ख्या फायनलमध्ये एकच गोल करता आला, तोही चौथ्या सामन्याच्या शेवटच्या काही सेकंदांत, सगळं संपल्यावर. (कॉन्स्टँटिनोव्हची कारकीर्द मात्र त्यानंतर सहाच दिवसांत एका कार अपघाताने संपली. त्या विजयाची आठवण डेट्रॉईटमध्ये आजही अर्धी दुःखाची आहे.)

इथपर्यंत गोष्ट छान आहे. आता पुरस्कारांकडे बघा. १९९८ ला नॉरिसच्या मतदानात लिडस्ट्रॉम दुसरा. १९९९ ला दुसरा. २००० ला पुन्हा दुसरा! त्या २००० साली तर लीगमधल्या सगळ्या डिफेन्समनमध्ये त्याचेच गुण सगळ्यात जास्त होते, ७३. ट्रॉफी गेली ख्रिस प्रॉन्गरला. प्रॉन्गर सहा फूट सहा इंच, धडाकेबाज, समोरच्याला धडकी भरवणारा. तो त्या वर्षी अफाटच खेळला, लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला, तेव्हा अन्याय वगैरे मी म्हणणार नाही. पण मत देणारे पत्रकार असतात आणि पत्रकारही माणसंच. जे दिसतं ते लक्षात राहतं. लिडस्ट्रॉमला पहिली नॉरिस मिळाली २००१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, लीगमध्ये दहा मोसम काढल्यावर. त्यानंतर धडाधड सहा आणखी.

आणि मिळाली ती तरी कशासाठी? तो गोल अडवत होता म्हणून की दरवर्षी साठ-सत्तर गुणही करत होता म्हणून? नॉरिसचा इतिहास काढून बघितला तर उत्तर फार सुखाचं नाही. १९८३ आणि ८४ मध्ये रॉड लँगवे हा निव्वळ बचावावर ती जिंकून गेला. त्यानंतर मात्र ट्रॉफी बहुतेक वेळा गुणांच्या तक्त्यात वर असणाऱ्यांकडेच गेली. म्हणजे बचावाचं बक्षीससुद्धा हल्ल्याच्या आकड्यांवर मिळतं. न झालेला गोल मोजणार कसा?

हे काही बर्फावरच होतं असं नाही. आपल्या नाशिकच्या बापू नाडकर्णींनी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटकं निर्धाव टाकली. त्या डावातले त्यांचे आकडे: ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य विकेट. त्या शेवटच्या शून्यामुळे ही गोलंदाजी आज क्विझमधला प्रश्न म्हणून उरलीये.

माझा मुद्दा आता येतो. लिडस्ट्रॉमसारख्यांची गोष्ट आपल्याला ज्या पोस्टर्समधून सांगितली जाते त्यांचा मथळा ठरलेला असतो: शांतपणे काम करत राहा, जग आपोआप दखल घेईल. गेस्ट लेक्चरला येणारे सर हेच सांगतात, लिंक्डइनवर सकाळी सकाळी हेच वाचायला मिळतं. माझं म्हणणं, हे अर्धसत्य आहे आणि विशी-बाविशीतल्या मुलांसाठी जरा धोक्याचं. जगाने दखल घेतली ती लिडस्ट्रॉमच्या गुणांची. जे काम त्याचं खरं होतं, ती बंद केलेली मधली वाट, ते कळलं बोमनसारख्या एखाद्याला. आणि बोमन काही सगळ्यांच्या नशिबी नसतो. हाच मुलगा एखाद्या कंगाल, तळाच्या संघात गेला असता, सांगणारा-बघणारा कुणी नसता, तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

कॉलेजात बघा ना. ग्रुप प्रोजेक्टला पाच जण. एक प्रेझेंटेशन देतो, इंग्लिश फाडफाड, सरांच्या तोंडात त्याचं नाव. दुसरी रात्री दोनला सगळ्यांच्या फाइल्स एकत्र करते, कुणी इंटरनेटवरून उचललेला परिच्छेद गुपचूप काढून टाकते, सादरीकरणाच्या आदल्या दिवशी लॅबवाल्या काकांना पटवून लॅब उघडून घेते. सबमिशन वेळेत होतं, कुठलीही भानगड होत नाही. आणि भानगड झालीच नाही म्हटल्यावर ती टाळली कुणी, हा प्रश्न कुणाला पडणार? फेस्टच्या टीममध्ये तेच. स्टेजवर माइक हातात असलेल्याचं सर्टिफिकेट वजनदार. जनरेटरवाल्याला वेळेवर ॲडव्हान्स देऊन लाइट जाऊ न देणारा ‘व्हॉलंटिअर’. प्लेसमेंटच्या फॉर्मवर रकाना असतो: तुम्ही काय ‘अचीव्ह’ केलं? काय होऊ दिलं नाही, याला रकाना नाही.

यावर लगेच एक उत्तर येतं: मग त्या मुलीने बोलायला शिकावं, स्वतःचं मार्केटिंग करावं. शिकावं की, ना नाही. इंटरव्ह्यूत ‘मी टीमला मदत केली’ एवढंच सांगण्यापेक्षा ‘ही ही गडबड होणार होती, मी ती अशी थांबवली’ हे सांगता आलं पाहिजे. पण सगळा भार तिच्यावरच का? लिडस्ट्रॉमने काचेवर माणसं आपटायला सुरुवात करायला हवी होती का, म्हणजे १९९८ लाच ट्रॉफी मिळाली असती? त्याने तसं केलं असतं तर लिंड्रॉस मोकळा सुटला असता. चूक मोजणाऱ्यांची असेल तर मोजणाऱ्यांनी सुधारायला हवं. आणि कॉलेजच्या ग्रुपमध्ये मोजणारे आपणच असतो. पीअर मार्किंगला दहापैकी नऊ कुणाला देतो, सीआर म्हणून कुणाचं नाव सुचवतो, स्टार्टअप काढायचं ठरलं की पहिला फोन कुणाला करतो, हे आपल्या हातात असतं. इथे बोमन व्हायला कुणाची परवानगी लागत नाही.

लिडस्ट्रॉमचा देव करायचा नाही, म्हणून हेही सांगतो. हॉकीत प्लस-मायनस नावाचा एक हिशेब असतो: तुम्ही बर्फावर असताना आपल्या संघाने किती गोल केले आणि किती खाल्ले, त्यातला फरक. लिडस्ट्रॉमचा कारकिर्दीचा आकडा आहे अधिक ४५०. फक्त एका मोसमात तो उण्यात गेला, २०१०-११ मध्ये, उणे दोन. आणि सातवी नॉरिस त्याला नेमकी त्याच मोसमासाठी मिळाली, वयाच्या ४१ व्या वर्षी! नॅशव्हिलचा शे वेबर अगदी थोड्या मतांनी मागे राहिला. मला विचाराल तर ती वेबरची होती. ज्या नजरेने लिडस्ट्रॉमला तीन वर्षं दुसरं ठेवलं, तीच आता त्याच्या मोठ्या नावावर आणि ६२ गुणांवर खिळली होती.

पुढच्याच वर्षी, मे २०१२ मध्ये त्याने थांबायचं ठरवलं. कुठलीही मोठी दुखापत नाही, संघ ठेवून घ्यायला तयार होता. उन्हाळ्यातल्या सरावासाठी लागणारी ओढ आता आतून येत नाही, एवढंच त्याने सांगितलं. गेला तोही खेळला तसाच, आवाज न करता.

आता त्या २००० सालच्या मतदानाकडे पुन्हा एकदा. पहिला प्रॉन्गर, दुसरा लिडस्ट्रॉम. एक आदळणारा, एक न आदळणारा, कुठेच साम्य नाही. पण दोघांचा एनएचएलमधला पहिला मोसम काढा. १९९१ मध्ये डेट्रॉईटला नवख्या लिडस्ट्रॉमच्या जोडीला एक तिशी ओलांडलेला डिफेन्समन दिला होता. तो मागे थांबायचा म्हणून हा पोरगा बिनधास्त पुढे जाऊ शकायचा. दोन वर्षांनी तोच माणूस हार्टफर्डला गेला, आणि तिथे त्याच्या जोडीला आला १८-१९ वर्षांचा ख्रिस प्रॉन्गर. त्याचं नाव ब्रॅड मक्रिमन. कारकिर्दीचं प्लस-मायनस अधिक ४४४, लिडस्ट्रॉमपेक्षा फक्त सहाने कमी. पुढे तो प्रशिक्षक झाला आणि सप्टेंबर २०११ मध्ये रशियात त्याचा अख्खा संघ घेऊन निघालेलं विमान कोसळलं, त्यात गेला. नॉरिस ट्रॉफीवर त्याचं नाव नाही.